मारू का?

प्रिय बाबा,

गुरुवारी चौकशी आहे. तुमच्या जहाजाचा रॉटरडॅममधला एजंट समोर बसणार. काल त्याचा फोन आला होता. 'तुमच्या वडिलांनी स्वतःच डॉक्टर नाकारला, आता उकरून काय मिळणार?' असं मला गोड आवाजात विचारत होता. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

जपानी जहाजांच्या नावाच्या शेवटी 'मारू' का असतं, हे मी सात वर्षांची असताना तुम्ही सांगितलंत. मारू म्हणजे वर्तुळ, निघालेलं जहाज फिरून घरी येतं. मी मात्र 'कुणाला मारू?' म्हणत हसत सुटले होते. तेव्हापासून जहाजावर चढताना तुम्ही विचारायचात, 'मारू का?' आणि माझं उत्तर ठरलेलं, 'मारा!'

करोनाच्या वर्षी जहाजावरून कुणाला उतरूच देत नव्हते. करार संपून पाच महिने झाले तरी तुम्ही इंजिनरूममध्येच. माझ्या इथल्या, न्यूनेनच्या घरापासून दीड तासावर, रॉटरडॅमला जहाज लागलं आणि मला साधा डबा पोचवता आला नाही. छातीत दुखतंय, हे सकाळच्या फोनवर का लपवलंत? मला काळजी नको म्हणून?

दुपारी मी मीटिंगमध्ये होते. फोनवर कसल्याशा कागदाचा फोटो आला, खाली 'मारू का?' जहाज निघतंय, नेहमीचाच प्रश्न, असं समजून फोटो न उघडताच मी लिहिलं, 'मारा!'

सही मारू का, असं विचारत होतात हो तुम्ही! कागद डचमध्ये होता, म्हणून मला विचारलंत. डॉक्टर बोलावायचा अर्ज आहे, असं एजंटने तुम्हाला सांगितलं होतं. कागदावर लिहिलं होतं, मला डॉक्टर नको. जहाज संध्याकाळी वेळेवर सुटलं. तिसऱ्या दिवशी भर समुद्रात तुम्ही गेलात.

तुम्ही मला केव्हाच माफ केलं असेल. त्याचाच राग येतो. मी मात्र त्या एजंटला माफ करणार नाही. सही केल्यावर तुम्ही मला व्हॉइस मेसेज पाठवला होतात, हे त्याला ठाऊक नाही. "सही मारली गं. अर्ध्या तासात डॉक्टर येतोय म्हणतो." आणि मागून तो स्वतः, "यस यस, डॉक्टर कमिंग."

गुरुवारी आधी त्याला बोलू देईन. तो कागद मिरवू दे. मग फोन टेबलावर ठेवीन. घरी त्याच्या मुलांनी विचारावं, बाबा, तो आवाज तुमचाच ना? हो, इतकं वाईट मला हवंय.

वचन देते बाबा, यापुढे वाचल्याशिवाय कशालाच हो म्हणणार नाही. त्याचा कागद मी शंभरदा वाचलाय. आणि गुरुवारी 'मारू का' म्हणून कुणाला विचारणारही नाही.

तुमची,
चिमी