कोरड्या कुपीची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी निवृत्त खनिजशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहून ठेवते. माझी फुप्फुसे निकामी होत आहेत, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून त्यातील शुद्धलेखन मी दुरुस्त करून घेतले आहे.

माझे पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. धाकट्या बहिणीने याच घरात राहून कुपीची निगा राखली तरच तिला घर मिळेल, अशी अट त्यात होती.

१. घर : हे घर खाणीतल्या टाकाऊ कोळशाच्या ढिगाऱ्याला टेकून आहे. ढिगारा माझ्या महाविद्यालयातील नेमणुकीच्याही आधीपासून आतून जळतो आहे. मागल्या खोलीची भिंत थंडीतही कोमट लागते. धूर येऊ नये म्हणून सर्व खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या आहेत. एक वाळली की तिच्यावर दुसरी. शेजारी एकेक करून गेले आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. घर धाकटीला, विनाअट. तिने ते पाडावे किंवा कुलूप लावून किल्ली ढिगाऱ्यात फेकावी.

२. कुपी : जळत्या ढिगाऱ्याच्या भेगांतून जे वायू निघतात, त्यांपासून भेगेच्या काठावर क्वचित एक सल्फेट जमते. पांढरे, सच्छिद्र, भिंतीच्या पोपड्यासारखे ठिसूळ. त्यात अॅल्युमिनियम आहे, अमोनिया आहे, गंधक आहे. पाणी मात्र मुळीच नाही, आणि हेच त्याचे वेगळेपण. भेग तापलेली आहे तोवर ते टिकते. गार होऊन दमट हवा लागली की ते पाणी ओढून घेते आणि त्याची तुरटी होते.

मी एक तुकडा गरम असतानाच कुपीत घेऊन बूच घट्ट बसवले. दुसरा तुकडा आमच्या विभागप्रमुखांनी परीक्षणासाठी पाठवला, तोही कागदी पाकिटात, टपालाने. पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही असे करणार नाही. अहवाल आला : साधी तुरटी. तो त्यांनी भर बैठकीत वाचला आणि वर म्हणाले, "बाई, दाढीनंतर लावायला बरी आहे." सगळे हसले. मी कुपी घरी आणली.

३. निगा : कुपी काचेच्या बरणीत आहे, भोवती ओलावा शोषणारे निळे मणी. मणी गुलाबी झाले की बदलायचे आणि ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करायचे. दमट दिवसांत हे रोजचे काम, म्हणून दोघींपैकी एकीने सतत घरी असणे भाग होते. मला नोकरी होती. धाकटीच्या मुलीने समुद्राजवळ घर घेऊन आईसाठी खोली राखली आहे. धाकटी तिथे एकदाही मुक्कामाला राहिलेली नाही.

परवा मणी बदलताना ती म्हणाली, "ताई, या बाटलीशी संसार तू मांडलास आणि सासुरवास मला झाला."

"बाटली नव्हे, कुपी."

"बरं, कुपी. तुझ्या माघारी मी हिचं काय करू, ते तरी सांग. पोरगी विचारते, मावशी गेल्यावर तरी येशील ना गं?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर पुढील कलमात देत आहे.

४. पुरावा : याची रीत मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्या रीतीत नमुना नष्ट होतो, म्हणून मी ती टाळली. आता ढिगाऱ्यावर पाणी मारून तो उपसत आहेत. भेगा विझल्या की दुसरा नमुना मिळणे नाही. तरीही माझ्या मृत्यूनंतर धाकटीने दोन्ही साक्षीदारांसमक्ष कुपी बुचासह तोलावी. रिकाम्या कुपीचे बुचासह वजन तिच्या तळाशी कोरलेले आहे. मग मागल्या खोलीच्या खिडकीच्या पट्ट्या सोलून खिडकी सताड उघडावी, बूच काढून कुपी तिथे ठेवावी. वजन वाढायचे थांबले की बुचासह पुन्हा तोलावी. आत मुळात तुरटी असेल, तर वजन वाढणार नाही. माझे खनिज असेल, तर आतल्या पदार्थाचे वजन जवळजवळ दुप्पट होईल.

ही कुपी घडवणारा काचकार म्हणाला, "बाई, इतकं जपलेलं उघडायला तुमचा हात धजायचा नाही."

"म्हणूनच ते काम दुसरीकडे सोपवलंय," मी म्हटले.

५. तराजू काचकाराला. त्याचे बूच एकदाही ढिले पडले नाही. याहून मोठे प्रशस्तिपत्र मी हयातीत कोणास दिलेले नाही. पुस्तके महाविद्यालयाला द्यावीत. समासातील माझ्या दुरुस्त्या कोणी खोडू नयेत.

६. विभागप्रमुख अद्याप हयात आहेत, मी चौकशी केली आहे. कुपीत जे उरेल ते त्यांना दोन्ही वजनांच्या चिठ्ठीसह, कागदी पाकिटात, टपालाने पाठवावे. तोवर ती खरोखरच तुरटी झालेली असेल. दाढीनंतर लावावी.

७. बरणीतले मणी गुलाबी होतील, ते होऊ द्यावेत. दुसऱ्या वजनाखाली सही करून धाकटीने मुलीकडे निघावे. खिडकी उघडीच राहील. ती लावण्यासाठी तिने मागे फिरू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या.

सही : मृत्युपत्र करणारी
साक्षीदार १ : दाखला देणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार २ : ढिगाऱ्यावरील पहारेकरी (सही)
स्थळ : राहते घर, मागली खोली
दिनांक : ९ ऑगस्ट

टीप : धाकटी लाभार्थी असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. या क्षणी ती स्वयंपाकघरात मणी तापवत आहे.