बाजीचे चार पाय

माय, आज इथं एका जीपचं पुढचं चाक मी मुद्दाम खड्ड्यात सोडलं. ते खाली गेलं, गेलं, पार तळाला जाऊन टेकलं, आणि बाकीची तीन चाकं जमीन धरून बसली ती बसलीच. जीपचा मालक टाळ्या वाजवून ओरडला. मला मात्र आपलं अंगण आठवलं, आणि तू. इथं हिमाचलात लोक हौसेनं दगडधोंड्यांवर जीप चढवतात, त्यासाठी गाड्या बनवून घेतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "रस्ता असून दगडावर काहून चढतेत बाप्पा?" चाक किती खाली लोंबतं आणि किती वर दबतं, त्याला हे लोक ट्रॅव्हल म्हणतात. या गॅरेजात ते वाढवून देणं माझं काम. शाळा अर्ध्यात सोडलेला तुझा पोरगा या एका गोष्टीपायी इथं टिकून राहिला, नाहीतर मी कुठं एका जागी बसणारा.

मी शाळा सोडली तेव्हा कापसाचं काही खरं नव्हतं. भाव पडलेला, नेरच्या बाजाराला जाणाऱ्या शिटाही कमी झालेल्या. मामाच्या जुन्या जीपला एकच पक्कं काम उरलं होतं, कापूस वेचणाऱ्या तुझ्या बायकांना नाल्यापलीकडच्या वावरात नेऊन सोडायचं. शिटा भरणारे सगळे जीपवाले करायचे तेच मामानंही केलं होतं. माणसं जास्त मावावीत म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत जादा पोलादी पाटे टाकले होते. केवढीही भरा, गाडी दबत नसे, ही त्याची शान. पण नाल्यात एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्या कोपऱ्यातलं चाक हवेत उठायचं. चारही चाकांना जोर देणारी गाडी, पण सगळा जोर त्या अधांतरी चाकात गरगर फिरून वाया जायचा. बाया उतरून धक्का मारायच्या आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. "दादा, तुही जीप कुत्र्यावानी पाय काहून वर करते? खांब दिसला का तिले?"

मामा चिडला. कमान कमजोर पडली म्हणून त्यानं अजून एक पाटा ठोकला, आणि दुसऱ्या दिवशी जीप नाल्यात अशी अडकली की वेचणीला जाईस्तोवर दुपार झाली. वावराचा मालक काठावर येऊन म्हणाला, "हे असंच राह्यलं तं पुढच्या हप्त्यापासून दुसऱ्या गावच्या बाया आणतो." मामानं जीपला लाथ मारली. "आता अडकली न, तं सिधी भंगारात!" तुझ्या बायांचं काम जाणार होतं, आणि माझी जीप. शाळा सोडल्यावर माझं मन लागलं असेल तर त्या एका गाडीखालीच.

त्याच संध्याकाळी मामानं तुझ्यासाठी सागवानाची नवी बाज करवून आणली होती. आपल्या खडबडीत अंगणात ती टेकवली तर तीन पाय जमिनीवर, चौथा वर. मामा खाली वीट सरकवू लागला. तू उठलीस आणि सरळ जुन्या बाजीवर जाऊन बसलीस. ती करकरली आणि चारही पायांनी बसली. "नव्या बाजीले अकड हाये," तू म्हणालीस, "हे ढिली झाली, म्हून जिथं टेकवली तिथं बसते." मी जुन्या बाजीकडे पाहतो, मग फाटकाबाहेरच्या जीपकडे, मग तुझ्याकडे. मामा म्हणतो, "म्हंजे आता गाडी ढिली करू?" तू म्हणतेस, "मंग का! पूजा करायले आणली का?"

दुसऱ्या दिवशी मामानं आणि मी जादा पाटे काढले, उरलेल्यांना ग्रीस लावलं. कमान जिथं लटकते तिथल्या लोखंडी पट्ट्या लांब करून बसवल्या. धक्के झेलणारे शॉकअप आखूड होते, तेच चाकाला खाली जाऊ देत नव्हते, म्हणून एका मोडक्या टेम्पोचे लांब आणून लावले. मी जॅकवर गाडी उचलून चाक लोंबकळत सोडलं आणि खुशीत नाचलो. तू वाकून पाहिलंस. "हे रबराची नळी तानून राह्यली न रे. तुटन." ती ब्रेकची नळी होती. ती लांब केली तेव्हा कुठं काम पुरं झालं. "पण आता बाया भरल्या का गाडी बसते," मामा कुरकुरला. "तं दोन खेपा कर," तू म्हणालीस, "माह्या बाया काही कापसाच्या गाठी नाही दाबून भरायले."

सकाळी नाल्यावर मामा म्हणाला, "मी नाही बसत त्या पाळण्यात." म्हणून स्टेअरिंगवर मी. बाया काठावर उभ्या. तू कमरेला वेचणीची ओटी खोचून माझ्या शेजारी चढलीस. "पयले मी. चाल." पुढचं चाक दगडावर चढलं, गाडी तुझ्याकडे कलली, तू एका हातानं दांडा धरलास आणि दुसऱ्यानं माझा खांदा. मागचं चाक खाली गेलं आणि टेकलं. जीप डुलत डुलत, म्हशीसारखी, पलीकडे निघाली. काठावर बायांनी असा गलका केला की पलीकडच्या कपाशीच्या पळाटीतले बगळे उडाले. तू मात्र मामाकडे वळून एवढंच ओरडलीस, "ये न रे दादा, झोका घ्याले!" त्या पूर्ण वेचणीत आपल्याला एकदाही धक्का मारावा लागला नाही. पुढच्या वेचणीला तू नव्हतीस.

हे लिहून मी पाकिटात घालणार नाही. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, आणि कुणाकडून वाचून घ्यायला मला लाज वाटली असती. एक गोष्ट मात्र सांगतो. आज गाडी तयार झाल्यावर पहिल्या चक्करला मालकाला माझ्या शेजारी बसायचं होतं. मी म्हणालो, त्या सीटचा पट्टा अडकला आहे साहेब, तुम्ही मागं बसा. पट्टा चांगला होता, माय.