लिफाफा क्रमांक दोनशे बारा

चि. सौ. धाकटीस थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? यजमानांचा खोकला थांबला का? (नसेल तर पंख्याखाली झोपू नका म्हणावं, माझं नाव सांग, तुझं ऐकत नाहीत.) मी खुशाल आहे. गुडघे तेवढे माझ्यानंतर अर्ध्या तासाने उठतात. आता मुद्द्याचं. मला विमानात बसवायला आलीस तेव्हा तू माझ्या पर्समध्ये एक लिफाफा कोंबलास. त्यात आपल्या मुंगीचं घरी परतायचं तिकीट होतं. पोरगी फोनवर रडते, शिक्षण अर्धं राहिलं तरी चालेल, तिला घेऊनच ये, पण तिकिटाचं आधी बोलू नकोस, असं तू बजावलंस आणि मी मान हलवली. झाकली मूठ पंधरा दिवस झाकून ठेवली. ती कशी उघडली ते सांगते. वाचताना टेकून बस.

वर्ग सुटले की मुंगी आठवड्यातले चार दिवस विद्यापीठाच्या वाचनालयात काम करते. हरवलेल्या वस्तूंची एक खिडकी आहे, तिथे. नियम असा की वस्तू आधी दाखवायची नाही. मागणाऱ्याने खुणा सांगायच्या, पटल्या तर द्यायची. आपली मुंगी पहिल्या महिन्यात संस्कारांना जागून वस्तूच पुढे करायची आणि 'ही तुमची का?' विचारायची. लोक हो म्हणायचे. एक छत्री अशाने तीन जणांची निघाली. (दोष तुझा. आल्यागेल्याला उलटे प्रश्न विचारू नयेत हे तूच शिकवलंस.) आपल्याकडे पाहुणे आले की मोरीत जाऊन बसणारी ही पोर आता दाराएवढ्या उंच माणसाला अस्तराचा रंग विचारते आणि उत्तर येईपर्यंत त्याला उभा ठेवते. मी पाहिलंय. घाम त्याला फुटला होता.

मला खोलीवर एकटीला करमेना, म्हणून तिने खिडकीमागे एक स्टूल दिलं. आता मागच्या फळ्यांवर ढीगभर कोट, पिशव्या, छत्र्या. कुठे बटण तुटलेलं, कुठे खिसा उसवलेला. माझा हात शिवणाचा, तोही कुणी न शिकवलेला. फाटकं दिसलं की बोटं शिवशिवतात. मुंगी वर्गात असताना, तिची सोबतीण खिडकीत, तेव्हा मी दोन दुपारी बसून चौदा नग लखलखीत केले. एका पिशवीवर शाईचा मोठा डाग होता, तो साबण लावून काढला. म्हटलं, मालकाला तेवढाच आनंद.

तिसऱ्या दिवशी मालक येऊ लागले. एक सांगतो, कोटाचं तिसरं बटण नाही. दुसरी सांगते, डावा खिसा फाटलेला. तशी वस्तूच नाही. पिशवीचा मालक म्हणाला, वर माझं नाव आहे. (तो डाग.) मुंगीने वळून माझ्याकडे पाहिलं. सुई माझ्या हातातच होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला वाटलं, झालं, आता ही रडणार, आणि मी पर्समधला लिफाफा चाचपला. पण तिने एक वही काढली. प्रत्येक वस्तू जमा होताना तिचं व्यंग टिपून ठेवायची पद्धत तिने स्वतःच सुरू केली होती. बाकीचे नुसतं 'कोट, काळा' लिहायचे. त्या वहीवरून तिने चौदाही नग ज्याचे त्याला दिले. चार जणांना फोन केले. हो, तिने स्वतः. खात्याच्या मोठ्या बाई आल्या तेव्हा माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, चूक माझ्या पाहुणीची, म्हणजे माझी, आणि ती अशी निस्तरली आहे. बाईंनी वही चाळली, आणि पुढच्या सत्रात नव्या मुलांना हे काम मुंगीने शिकवायचं ठरलं. नोकरीच्या अर्जात तिने ते लिहूनही टाकलंय. तिथल्या भिंतीवर एका खिळ्याला तिच्या नावाचा कप टांगलेला आहे, धाकटे. परक्याचा कप कोणी टांगून ठेवत नाही.

त्या आनंदात पर्समधून बाहेर काढलेला लिफाफा मी बाकावर विसरले. सफाईवाल्या बाईंनी तो खिडकीत जमा केला. मी धावत गेले, तर पोरगी म्हणते, "मावशी, रांगेत ये." आले. "खुणा?" पांढरा. "आत काय?" कागद. "कसला?" माझ्यामागे चार माणसं. शेवटी म्हटलं, तिकीट. "कुणाच्या नावाचं?" तुझ्या.

तिने लिफाफा उघडून ताडून पाहिला. मग हळूच म्हणाली, "चार महिन्यांपूर्वी आणलं असतंस, तर मी चपला न घालता आले असते गं." आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. माझ्या छातीवरचं जातं उतरलं.

तुझी,
थोरली

ता. क. लिफाफा मी परत घेतला नाही. त्यांच्या फळीवर आहे, क्रमांक दोनशे बारा. नव्वद दिवसांत कुणी मागितला नाही तर रद्दीत जातो. तू मागू नकोस.

ता. क. माझं परतीचं तिकीट तीन आठवडे पुढे ढकलून दे. मोठ्या बाईंनी मुलांना बटण लावायला शिकवाल का म्हणून विचारलंय. गुडघ्यांचं जे वर लिहिलंय ते विसर.

ता. क. पुढच्या फोनवर घाबरी, भिंतीकडेने चालणारी, हाक मारली की दचकणारी अशा खुणा सांगून लेक मागशील, तर तशी वस्तू इथे जमा नाही असं उत्तर मिळेल. ही दुरुस्ती माझी नव्हे.