रुसूबाईचा कप्पा

प्रिय रुसूबाई,

सात वर्षांनी या नावानं हाक मारतेय म्हणून नाक मुरडू नकोस. बातमी अशी की आपल्या खोलीतलं जुनं कपाट अखेर काढलं. वाळवीनं पार पोखरलं होतं, दार उघडलं की अंगावरच यायचं. आता नवीन करून घेतेय, आणि काम कोण करतंय माहितीये? सुतारकाकांची लेक. टेप लावून, कागदावर मापं लिहून घेते. आम्ही दोघी त्या जुन्या गोष्टीवरून पोट धरून हसलो. बाबांनी आपल्या वितीनं भिंत मोजून रुबाबात ‘बारा वीत’ असा निरोप धाडला आणि काकांनी आपल्या इवल्याशा हातानं मोजून बारा वीत कपाट केलं! चांगलं हातभर आखूड, भिंतीशी ही एवढी फट! दोघंही शेवटपर्यंत एकमेकांच्या हाताला दोष देत राहिले.

त्याच फटीत तू रुसून बसायचीस. मी बाहेर फरशीवर बसून तुझी समजूत काढायची, आणि तू आतून फक्त हात काढून बिस्किटं घ्यायचीस. लबाड कुठली! काकांची लेक म्हणाली, तिथे अरुंद खण छान बसतील, छत्र्या ठेवता येतील. मी म्हटलं, राहू दे ती जागा तशीच. ती माझ्याकडे बघतच राहिली.

मग तिनं विचारलं, डाव्या बाजूला कपडे टांगायचा रॉड किती उंचीवर लावू? तुझ्या प्रत्येक फ्रॉकचं बटण मी लावलेलं, पण तू आता काय घालतेस हेच मला ठाऊक नाही. तू त्याच्याबरोबर निघून गेलीस, त्याच दिवशी तुझा कप्पा मी माझ्या कपड्यांनी भरून टाकला. रागानं. दोन दिवसांनी तू कोट न्यायला आलीस, दार उघडून पाहिलंस आणि कोट न घेताच गेलीस. मी ‘थांब’ म्हणाले नाही. चुकले गं मी. तो कोट अजून इथेच आहे.

तुमचं मोडल्याचं मावशीकडून कळलं. मैत्रिणीकडे राहतेस, रोजचे कपडेसुद्धा बॅगेतूनच काढतेस म्हणे. मी तिच्याकरवी ‘घरी ये’ असा निरोप दिला, तर तू म्हणालीस, तिथे माझी जागा कुठे आहे? म्हणून हे पत्र. डावी बाजू तुझी आहे आणि अगदी रिकामी आहे. रॉड शनिवारी बसणार आहे, त्याआधी तुझ्या सगळ्यात लांब कपड्याचं माप मला हवंय. पण वितीनं मोजून कळवू नकोस हं, तुझा हात आता केवढा झालाय ते मला कुठे माहीत आहे? त्यापेक्षा तो कपडा घेऊन तूच ये.

तुझीच,
फरशीवर बसलेली ताई