धातूचं नवं औषध

पुणे, मंगळवार

रजिया,

सलाम. मी ठीक आहे, जेवण जातंय. पायाची जखम तेवढी भरत नाही. फोनवर बोलताना आपला मुलगा आरिफ शेजारी असतो, त्याच्यासमोर सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाचा, तुमच्या जखमेतल्या जंतूंवर कुठलीच गोळी चालेना. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी ते निर्ढावलेत." जरा बरं वाटलं की लगेच मी गोळ्या बंद करायचो, तुला माहीत आहे.

धातूपासून नवी औषधं बनवतायत म्हणे. प्रयोगशाळेत त्या औषधांनी असले जंतू मरतात. मी म्हटलं, "मग द्या की! चाळीस वर्षं तांब्याच्या भांड्यांना कलई केली, मी काय धातूला भितो?"

त्या हसल्या. "जंतूंबरोबर चाचाही जायला नकोत. तपासायला अजून काही वर्षं लागतील."

तोवर माझा पाय तग धरेल का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

नातीचा खोकला कसा आहे? माझ्या उरलेल्या गोळ्या फळीवर कलईच्या नवसागराच्या डब्यामागं आहेत. त्यातली एखादी युसराला दिली नाहीस ना? दिली असशील तर लपवू नकोस, मी रागावणार नाही. तिला आजच बेंबळीच्या डॉक्टरांना दाखव.

काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण एवढ्या एका गोष्टीची कर.

तुझा,
हैदर