अनंतरावांची हजेरी

छत्रपती संभाजीनगर,
कार्तिक शुद्ध दशमी

तीर्थरूप सांडूमामा यांस,

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी मी सिडकोतल्या एका गच्चीवर खीर, वडे आणि भाताचं पान समोर ठेवून एक तास दहा मिनिटं कावळ्याची वाट बघत उभा होतो. नमस्काराच्या आधी हे लिहिलं म्हणून रागावू नका. नमस्कार आहेच, डोकं तुमच्या पायावर आहे असंच समजा, आणि मामींनाही सांगा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. खोकला कसा आहे? (छातीचा फोटो काढायला इकडं येतो असं तुम्ही तीन वर्षं म्हणता आहात. आता आलात तर तो माझ्या हातचा नसेल. का, ते सांगायलाच हे पत्र. फोनवर तुम्ही मध्येच "हां, मग पुढं?" म्हणता आणि मी नेमकं महत्त्वाचं तेवढंच गाळून पुढं जातो.)

पान अनंतरावांचं होतं. तुम्ही त्यांना एकदा आमच्या सेंटरच्या दारात पाहिलं आहे, उंच, पांढरा कोट, बोलणं मोजकं. मी फुलंब्रीच्या शाळेतून निघून इथं फरशी पुसायला लागलो, आणि त्यांनी मला सीटी स्कॅनचं यंत्र शिकवलं. माणसाला त्या बोगद्यासारख्या यंत्रात सरकवताना त्याच्या पायाला हात लावून ठेवावा, म्हणजे तो घाबरत नाही, हे कुठल्या पुस्तकात नाही, ते त्यांचं. अकरा वर्षं आम्ही दोघांनी ते यंत्र चालवलं. डिप्लोमा त्यांच्याकडं होता, हात चार होते. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सकाळी ते झोपेतच गेले. मूलबाळ नाही. मागं यमुनाकाकू एकट्याच, त्यांना जिना चढवत नाही, म्हणून पान घेऊन मी वर जातो.

कावळे नव्हते असं नाही. पाण्याच्या टाकीवर सात होते, मी मोजले. शेजारच्या गच्चीवरचं कोणाच्या तरी आजोबांचं पान त्यांनी दोन मिनिटांत संपवलं, चोची कठड्याला पुसल्या, आमच्या पानाभोवती एक चक्कर मारली आणि परत टाकीवर जाऊन बसले. त्यातला एक तर पानाकडं बघतही नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. गेल्या वर्षीही हेच, आणि त्याआधी दहाव्याला तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववावा लागला होता. मी खाली आलो. काकू देवाजवळ बसल्या होत्या, त्यांनी मागं न बघताच विचारलं, "नाही ना शिवला? काहीतरी राहिलंय रे त्यांचं. सोमनाथ, तुला ठाऊक असेल." मी नाही म्हणालो. मामा, मला ठाऊक होतं. अनंतराव अजून कामावर होते.

झालं होतं असं. हे यंत्र डिप्लोमावाल्या माणसानंच चालवायचं असा नियम आहे. अनंतराव गेले तेव्हा आमचे डॉक्टर इंद्रजीत (सेंटर त्यांचंच. माणूस वाईट नाही, फक्त उद्यावर फार भिस्त) मला म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत महिनाभर त्यांचं नाव राहू दे. तो महिना दोन वर्षं चालला. रोज सकाळी पावणेआठला मी यंत्रात अनंतरावांचं नाव घालायचो, हजेरीवर त्यांची सही करायचो आणि खाली माझी, मदतनीस म्हणून. त्यांचं अक्षर माझ्या हातात असं बसलं की परवा सायलीला भाजीची यादी लिहून दिली तर ती म्हणाली, "बाबा, हे कोणी लिहिलं?" तुम्ही तीस वर्षं ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूची नोंद ठेवली. तुमच्या गावात एकही माणूस कागदावर मेल्यावाचून राहिला नाही. तुम्हाला हे वाचून काय वाटेल ते मला कळतं, म्हणून तर दोन वर्षं सांगितलं नाही.

आणि कागदावर असलेला माणूस नुसता कागदावर राहत नाही, मामा. दोन गोष्टी सांगतो. यंत्रात पेशंट असला की त्याला श्वास धरायला सांगावं लागतं. कंपनीनं त्यासाठी हिंदीत एक बाई भरून दिली होती, पण खेड्यातल्या म्हाताऱ्यांना ती समजेना, म्हणून अनंतरावांनी स्वतःच्या आवाजात भरलं: "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." ते गेल्यावरही दिवसातून तीस-चाळीस वेळा तो आवाज त्या खोलीत यायचा. पेशंट बाहेर येऊन मला सांगायचे, "आतले साहेब लई मायाळू हायेत." मी हो म्हणायचो.

दुसरी गोष्ट बिल्ल्याची. आम्ही छातीवर एक बिल्ला लावतो, त्यात एक पत्ती असते. दर तीन महिन्यांनी पत्त्या तपासायला जातात आणि कोणाच्या अंगावर किती किरण पडले त्याचा कागद येतो. अनंतरावांचा बिल्ला त्यांच्या कोटाशेजारी, बाहेरच्या बोळात खिळ्याला टांगलेला असायचा. तिथं किरण पोचत नाहीत. तरी दर तीन महिन्यांनी त्यांच्या नावापुढं आकडा यायचा, आणि दिवसभर यंत्राजवळ राबणाऱ्या माझ्या नावापुढं शून्य. पहिल्यांदा अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा मी घृष्णेश्वराला जाऊन आलो. तिसऱ्यांदा माझ्या मनानं घेतलं की माझ्या वाट्याचे किरण ते स्वतःवर घेत आहेत, आणि मग मी रोज सकाळी त्या बिल्ल्याला हात जोडायला लागलो. (डॉक्टरांनी एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून बोळातून जाताना तेही जरा बाजूनं जायला लागले.)

असं चाललं असतं. पण आमच्याशी करार असलेल्या विमा कंपन्यांनी कळवलं की यापुढं मान्यता मिळालेल्या सेंटरच्याच तपासण्या विम्यात धरल्या जातील. आमचे निम्मे पेशंट विम्यावर येतात. डॉक्टरांचा उद्या अचानक आज झाला. भिंतींना रंग दिला, आग विझवायची नळकांडी आणली, दारादारावर तीन भाषांत पाट्या लागल्या. मशीनच्या खोलीतला माझा घृष्णेश्वराचा फोटो उतरवून शिशाच्या ॲप्रनच्या कपाटात ठेवायला लावला (देवालाही किरणांपासून संरक्षण मिळालं). आणि मग प्रत्येक कर्मचाऱ्याची फाईल. अनंतरावांचीही. त्यांची वर्षाची आरोग्य तपासणी डॉक्टरांनी स्वतः लिहिली. वजन अडुसष्ट, रक्तदाब एकशेवीस-ऐंशी, तक्रार काही नाही. सबंध सेंटरमध्ये एवढी चांगली तब्येत कोणाची निघाली नाही. आगीच्या सरावालाही ते हजर होते, मी सही केली. सही करताना पेन हातात गार लागलं, पण तेव्हा एसी चालू होता.

मान्यतेसाठीची तपासणी नेमकी सर्वपित्रीच्याच दिवशी, अकरा वाजता. गच्चीवरून मी थेट सेंटरला गेलो. तपासायला आलेल्या चारुता मॅडम पुण्याकडच्या, बारीक चष्मा, चहा घेत नाहीत. त्यांनी हजेरी चाळली आणि विचारलं, "या अनंतरावांची दोन वर्षांत एकही रजा नाही?" डॉक्टर म्हणाले, फार कामसू आहेत. "दिवाळीलाही?" मी म्हणालो, "आधी घ्यायचे." डॉक्टरांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मॅडमनी त्यांना भेटायचं म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, "वेरूळला गेलेत, अमावास्येचा अभिषेक असतो त्यांचा." (खोटं बोलताना माणूस देवाचाच पत्ता का देतो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.)

मग मॅडम म्हणाल्या, एक तपासणी माझ्यासमोर करून दाखवा. आत सिल्लोडकडच्या साळूबाई झोपल्या होत्या. मदतनिसाला यंत्राला हात लावता येत नाही, म्हणून काचेच्या अलीकडं डॉक्टर स्वतः बसले, कित्येक वर्षांनी. त्यांनी बटण दाबलं. साळूबाई आत सरकल्या आणि खोलीतून शांत आवाज आला, "श्वास घ्या. धरून ठेवा."

मॅडमनी विचारलं, हा कोणाचा आवाज? डॉक्टर बटणांकडं बघत होते, गडबडीत खरं बोलून गेले, "अनंतरावांचा."

"म्हणजे आले की ते. आतच आहेत," असं म्हणून मॅडम दाराकडं निघाल्या. दारावरचा लाल दिवा विझला, यंत्र थांबलं, त्यांचा हात कडीवर गेला. मामा, तेव्हा मला भीती वाटली. दार उघडल्यावर आत अनंतराव नसतील, ही भीती नव्हती. मला ते सात कावळे आठवले, आणि माझ्याकडं बघणारा तो एक. मी म्हणालो, "मॅडम, ते वारले. दोन वर्षं झाली पोळ्याला."

डॉक्टरांच्या हाताखाली माईक चालूच राहिला होता. आतून साळूबाईंचा आवाज आला, "आरं देवा. मग मला दम धर कोन म्हनलं?"

त्या उठून बसल्या, फोटो अजून अर्धे बाकी होते. पुन्हा झोपायला तयार होईनात. "जित्या मानसानं सांगितलं तर धरीन, नाय तर नाय." डॉक्टर माईकवर घसा खाकरून म्हणाले, आजी, मी सांगतो. त्या म्हणाल्या, "तू तरी जिता हायेस कशावरून? म्होरं ये." शेवटी डॉक्टरांना आत जाऊन तोंड दाखवून यावं लागलं.

जाताना चारुता मॅडमनी मला विचारलं, "मग दोन वर्षं यंत्र कोण चालवत होतं?" माझ्या तोंडातून आधी सवयीनं अनंतरावच निघालं. मग म्हणालो, मी. डिप्लोमा आहे? नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. हळू लिहीत होत्या, आणि मला उगाच वाटलं की त्यांनी आणखी हळू लिहावं, कारण ते वाक्य संपलं की माझं काम संपत होतं.

मान्यता तीन महिने पुढं गेली. डॉक्टर चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "बरं वाटतंय रे," आणि मग लगेच रागावल्यासारखं तोंड केलं. अपेक्षा नावाची डिप्लोमावाली मुलगी ठेवली आहे, हुशार आहे. मी आता पेशंटची चाकाची खुर्ची ढकलतो, कपडे बदलायला मदत करतो आणि दारापर्यंत सोडतो. त्या अमावास्येच्या संध्याकाळी यमुनाकाकूंचा फोन आला होता. दुपारी कोणीतरी वर जाऊन पाहिलं तर पान स्वच्छ होतं, शितसुद्धा नव्हतं. मी बोळात जाऊन खिळ्यावरचा बिल्ला काढला.

तुमचा भाचा,
सोमनाथ

ता. क. कावळ्याचं तुम्ही कोणाला सांगू नका. काकूंच्या शेजारणीचं म्हणणं, त्या दुपारी कठड्यावर दोन खारी होत्या. बिल्ल्याचंही कळलं. पत्त्यांवर बारीक अक्षरात नावं असतात. अकरा वर्षं मी पाकिटातली पहिली पत्ती अनंतरावांच्या बिल्ल्यात घालत आलो, वडीलधारे म्हणून. ते गेल्यावर छातीवर लागणारा बिल्ला माझा एकटाच उरला, म्हणून पहिली पत्ती, त्यांच्या नावाची, न बघता त्यात जायला लागली, आणि माझ्या नावाची दुसरी खिळ्यावरच्या. चाळिशी लावायचा मला कंटाळा. तेव्हा तो आकडा माझाच होता. एवढे दिवस मी हात जोडत होतो ते स्वतःच्या नावाला, आणि कागदावर जो कुठंच नव्हता तो मी होतो. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं.

आणखी एक. पत्र खरं यासाठी आहे. तुळशीचं लग्न लागलं की सिल्लोडचे पाहुणे सायलीच्या बोलणीला येणार. त्यांना तुम्ही मी सीटी स्कॅनचा डॉक्टर आहे असं सांगितलं आहे (टेक्निशियन असं मी दोनदा दुरुस्त केलं, तुम्ही तिसऱ्यांदा डॉक्टरच म्हणालात). आता मी टेक्निशियनही नाही. विम्यासाठी आलेल्या बाईंना मी खरं सांगितलं, पण व्याह्यांसमोर माझी जीभ उचलणार नाही. तुम्ही सांगा. त्यांनी येण्याआधी सांगा. सायलीला मी सांगितलं आहे, ती म्हणाली, बरं झालं.

शेवटचं. हे पत्र चार दिवस खिशात होतं, कारण एक काम व्हायचं होतं. परवा यमुनाकाकूंना खुर्चीतून आत नेलं आणि तो आवाज ऐकवला. तीनदा ऐकला. म्हणाल्या, "घरी कधी इतक्या हळू बोलले नाहीत," आणि पदरानं चष्मा पुसला. आज सकाळी अपेक्षाला विचारून मी तो यंत्रातून पुसला. एकच बटण होतं. नंतर पहिला पेशंट आत गेला. अपेक्षानं माईकवर सांगितलं, श्वास घ्या, धरून ठेवा. यंत्र फिरून थांबलं. पुढचा शब्द यंत्रच म्हणेल असं तिला सवयीनं वाटलं असावं, ती पडद्याकडं बघत राहिली. पेशंट हलेना. दाराशी खुर्ची धरून उभ्या असलेल्या माझ्या तेव्हा लक्षात आलं की मीसुद्धा धरून ठेवला आहे. मग दार उघडून मीच म्हणालो, सोडा.