नंबर माझा, गोळ्या आजींच्या

मंगळवार, विश्रामबाग

दुपारी मेडिकलवाल्यांचा मेसेज आला, ‘तुमच्या हृदयाच्या गोळ्या चार दिवसांत संपतील.’ मला कसल्या गोळ्या? मग आठवलं.

गेल्या महिन्यात मेडिकलच्या रांगेत माझ्यापुढे इस्लामपूरकडच्या एक आजी होत्या. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. काउंटरवरची बाई मला म्हणाली, “ताई, यांच्या बिलावर तुमचा नंबर घालू? पॉइंट वाया कशाला घालवायचे?” मी लगेच दिला. आजींच्या मोठ्या बिलाचं कूपन माझ्या नंबरवर पडलं आणि मला शाम्पू फुकट मिळाला. आजी म्हणाल्या, “घे की बाळ, मला काय करायचंय त्येचं?” त्या घे म्हणाल्या म्हणून तो माझा झाला? घरी अक्षरं शिकवताना अब्बांनी मला सापडलेली पेन्सिलसुद्धा परत जागेवर ठेवायला लावली होती.

संध्याकाळी तावातावानं दुकानात गेले. म्हटलं, आजींना कळवा, गोळ्या संपतायत.

बाईनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “कळवलंय की. तुमच्याच नंबरवर.”

“त्यांचा पत्ता तरी?”

“नंबर हाय तेवढाच. आणि आवं ताई, तुमचे उरलेले पॉइंट शनिवारी संपतायत. कायतरी घेऊन टाका.”

असा संताप आला. हिला कुणाच्या जिवाचं काही आहे की नाही? पण तिला कुठल्या तोंडानं बोलू? नंबर विचारला तिनं, दिला मी. आजींचं नावसुद्धा विचारलं नाही.

आत्ता मोरीत जाऊन बाटली उजेडात धरून बघितली. शाम्पू अजून अर्धा उरलाय.